प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट: रेल्वेची तिकिटं आत्ताच काढू का?

प्रश्न
सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन निघतोय. विमानाने प्राग, तिथून रेल्वेने व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, परत व्हिएन्नाला येऊन नाइटजेट या झोपायच्या रेल्वेने रात्रीतून व्हेनिस. शेंगेन व्हिसाचा अर्ज दिलाय, पासपोर्ट अजून हातात नाही. तिकिटं आज स्वस्त दिसताहेत, पण पैसे परत मिळणार नाहीत असं लिहिलंय. आईचे गुडघे दुखतात, तिला उभं राहून न्यायचं नाही एवढं नक्की. काय करावं?

प्रतिसाद १
सगळ्या टप्प्यांना एकच नियम लावू नका.

नाइटजेट आधी घ्या. झोपायच्या जागा मोजक्याच असतात आणि आईंना खालचा बर्थ हवा असेल तर थांबण्यात अर्थ नाही. दर थोडा जास्त पडला तरी रद्द करता येणारंच तिकीट घ्या, म्हणजे व्हिसाची धास्ती राहणार नाही.

प्राग–व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना–बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास. दिवसभर गाड्या आहेत. व्हिसा हातात पडेपर्यंत थांबा. स्वस्त कोटा संपला तरी प्रवास अडत नाही, फक्त पैसे जास्त जातात. मात्र एक लक्षात ठेवा: रेलजेटचं, म्हणजे या मार्गांवरच्या जलद गाडीचं, तिकीट म्हणजे बसायची जागा नव्हे. आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, थोडे जास्त पैसे देऊन. आईंसाठी ते न चुकता घ्या. तिकीट आहे म्हणून मी निर्धास्त होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्या वडिलांना दोन तास दाराजवळ बॅगेवर बसावं लागलं. अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आणि विमानातून उतरून त्याच दिवशी पुढची रेल्वे असेल तर ठरावीक गाडीचं तिकीट काढू नका. माझं विमान तीन तास उशिरा पोचलं, जर्मनीतलं स्वस्त तिकीट वाया गेलं. तिथे स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्याच उशिरामुळे मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन सुटतं, पण विमानाचा उशीर त्यात धरत नाहीत. खिडकीवर पूर्ण दराने नवं काढावं लागलं.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच की गाडी बदलायची असेल तर शक्यतो पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट घ्या. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर पुढे पोचवायची जबाबदारी रेल्वेवर येते. दोन वेगळी तिकिटं असली की वाद घालत बसावं लागतं. युरोपीय संघाच्या नियमाने मुक्कामी एक तास उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते. काही अपवाद आहेत, पण मागायला लाजू नका.

प्रतिसाद ३
युरेल पासचा, म्हणजे अनेक देशांतल्या रेल्वेसाठीच्या एकाच पासचा विचार असेल तर सोडा. तीन-चार प्रवासांना तो क्वचितच परवडतो, शिवाय नाइटजेटच्या बर्थचे पैसे पास असूनही वेगळे भरावे लागतात.

मूळ प्रश्नकर्ता
आज रात्रीच नाइटजेट घेतली, रद्द करता येणारी, आईला खालचा बर्थ मिळाला. बाकीचं व्हिसा आल्यावर. आरक्षण वेगळं असतं हे खरंच माहीत नव्हतं, मी तिकीट काढून गप्प बसलो असतो. प्रागमध्ये तीन रात्री राहणार आहोत, त्यामुळे विमानाची अडचण येणार नाही. रेलजेटमध्ये दाराजवळच्या जागा निवडता येतात का? आईला डब्यात फार चालवायचं नाही.