क्लिफ्डनहून एक दिवस: दलदलीतला रस्ता

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिफ्डन गावाहून एका दिवसाच्या सायकलफेरीसाठी किनाऱ्यालगतच्या स्काय रोडची शिफारस अनेकदा होते. देखावा सुरेख, पण चढ दमवतात आणि फेरी अर्ध्या दिवसात आटोपते. पूर्ण दिवस हाताशी असेल तर मी राउंडस्टोन या किनाऱ्यावरच्या गावाची फेरी म्हणेन, साधारण 40 किमी.

क्लिफ्डनहून बॅलिनाबॉय गाठून आधी दलदलीतला 'बॉग रोड' घ्या. बहुतेक लोक तो परतीला ठेवतात. तिथला वारा बहुधा नैऋत्येचा. आधी गेलात तर तो पाठीशी राहतो. आडोशाला झाड नाही, दुकान तर नाहीच. पाणी आणि रेनकोट बरोबर हवाच, उन्हाळ्यातसुद्धा!

राउंडस्टोननंतर डॉग्ज बेचा पांढरा किनारा, मग बॅलिकोनीलीमार्गे परत. वारा आता तोंडावर, पण थांबायला निमित्तं भरपूर. शेवटी डेरिगिमलाघची दलदल. 1919 मध्ये अल्कॉक आणि ब्राउन हे ब्रिटिश वैमानिक न थांबता अटलांटिक ओलांडून इथेच उतरले. हिरवं कुरण समजून विमान दलदलीत घातलं, नाक रुतलं, दोघे सुखरूप. सायकल मात्र डांबरावरच ठेवा.

एक चांगली गोष्ट: फेब्रुवारी 2025 पासून तिथल्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी 80 किमीवरून 60 झाली आहे. परतीचा किनाऱ्याचा रस्ता, आर 341, त्यात येत नाही, तिथे वळणांवर जपून.