मदत हवी आहे : खाऱ्या पाण्याची पहिली टाकी, वीज जाते, फिल्टर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहायलोय. गोड्या पाण्याचे मासे आठ वर्षं पाळतोय, खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच मांडणार आहे. काच आणून ठेवली आहे : ३६ × १५ × १८ इंच, म्हणजे काठोकाठ १५९ लिटर. मासे मोजकेच, क्लाउनफिशची एक जोडी आणि पुढे जमलं तर एखादा गोबी. प्रवाळ ठेवायचे नाहीत. त्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवाणू बसलेला मेलेल्या प्रवाळाचा दगड) कुणी देऊ केला तरी घेणार नाही. कोरडे सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घालून त्यांवरच घाण पचवणारे जिवाणू वाढू देणार.

अडलंय फिल्टरपाशी.

दुकानदार कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या म्हणतो. मला त्याची धास्ती बसली आहे. मागच्या मे महिन्यात गोड्या पाण्याच्या टाकीला कॅनिस्टरच होता. रात्री अकराला वीज गेली ती सकाळी सहाला आली. बंद डब्यात पाणी फिरलं नाही की आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात आणि अडकलेली घाण कुजते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. वीज येताच पंप आपोआप सुरू झाला आणि ते सगळं पाणी टाकीत आलं. दुपारपर्यंत चारही एंजल गेले. पिल्लं असल्यापासून वाढवलेले मासे होते. म्हणून या वेळी आधी विचारायलोय.

दुसरा पर्याय खाली संप (म्हणजे दुसरी टाकी, वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं) आणि त्यात स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र). पटतोय, पण वीज गेली की वरचं पाणी खाली उतरणार. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळजवळ ९ लिटर. संप दोन फुटी केला तर किती रिकामा ठेवू?

पाण्याचंही बघावं लागतं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव आहे. बोअरचं पाणी जड, त्यामुळे आरओशिवाय मीठ कालवता येणार नाही, आणि आरओ जेवढं चांगलं पाणी देतो त्याहून जास्त बाहेर टाकतो. ते आम्ही फरशी पुसायला वापरतो, पण त्यालाही मर्यादा आहे. आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचं तर लिटरला ३५ ग्रॅम धरून अर्धा किलो मीठ लागेल, तेही पुण्याहून मागवून. नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठतं, त्यासाठीच पाणी बदलावं लागतं) कमी ठेवणारा फिल्टर मिळाला तर महाग पडला तरी चालेल.

इन्व्हर्टर आहे, पण घरातले पंखेही त्याच्यावरच आहेत. त्यावर टाकीचं काय काय जोडावं?

प्रतिसाद, नांदेडहून

दादा, संपच करा. कॅनिस्टर वाईट नाही, पण दर आठवड्याला उघडून धुवावा लागतो, नाहीतर त्यात साचलेल्या घाणीचंच नायट्रेट होतं. दोन-तीन माशांच्या टाकीत खरं काम दगड आणि वाहतं पाणी करतं. स्किमर मात्र घ्याच. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात, त्यांना चिकटून माशांची घाण कुजायच्या आधीच वरच्या पेल्यात येते, आणि पाण्यात हवाही मिसळते. दगडांवर जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर स्किमर बंद ठेवला तरी चालतं. अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नका.

पाणी उतरतं ते ओव्हरफ्लोच्या (वरचं पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या) दातांपर्यंतच. पण रिटर्नच्या (संपातून पाणी परत वर आणणाऱ्या) पाइपाचं तोंड खोल असेल तर त्यातूनही पाणी उलटं ओढलं जातं. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक क्षार साचून बुजतं, दर महिन्याला काडी घालून बघा. संपात २० लिटरची जागा मोकळी ठेवा.

इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप) जोडा, तोंड पृष्ठभागाकडे. दहा वॉटच्या आत भागतं. उन्हाळ्यात हे विसरू नका, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पंखा लावला तर पाणी उडेल. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची.

धागाकर्ता

दादा, मोठं काम झालं. भोकाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन फुटी संप करायला टाकतो. मीठ घालायच्या आधी बोअरच्या पाण्यावर चालवून मुद्दाम प्लग काढून बघतो. किती लिटर खाली आलं ते इथेच लिहितो.