रिंग स्लिंग तान्ह्या बाळासाठी वापरावी का?

धागाकर्ती:
बाळाला अंगाशी बांधून नेण्याच्या साधनांपैकी रिंग स्लिंगला धोकादायक ठरवून मोकळे होण्याची घाई मला मान्य नाही. एका खांद्यावरून घ्यायचे सुमारे दोन मीटर लांबीचे विणलेले कापड आणि त्याच्या एका टोकाला शिवलेल्या दोन कड्या, एवढाच हा प्रकार. दुसरे टोक दोन्ही कड्यांतून एकत्र ओवायचे, मग एका कडीवरून मागे वळवून दुसरीतून खाली सोडायचे. बाळाचा भार आला की कापड दोन कड्यांमध्ये आवळले जाते आणि सरकत नाही. बाळ झोपले की कड्या किंचित उचलून कापड सैल करावे आणि त्याला अलगद अंथरुणावर ठेवावे. बकलांच्या कॅरियरमध्ये हे इतके सहज साधत नाही, कारण बकल सुटल्याचा टक् आवाज झाला की बहुतेक बाळे डोळे उघडतातच.

शिवाय, १९८६ साली हुंझिकर आणि बार या संशोधकांनी ‘पीडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या बाळांना पालकांनी रोज अधिक वेळ अंगावर वागवले ती सहाव्या आठवड्यात इतर बाळांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. बाळाला ऊब हवी असते आणि मोठ्यांना निदान एक हात मोकळा हवा असतो. या साधनात दोन्ही जमते.

प्रतिसाद १:
तो प्रयोग बाळाला जवळ घेण्याविषयी होता. बाळाला हातांवर घेतलेले असो वा कॅरियरमध्ये, दोन्ही त्यात मोजले जात होते. त्याचे श्रेय कड्यांना देता येणार नाही. बार आणि सहकाऱ्यांनीच १९९१ मध्ये पोटशुळाने रडणाऱ्या बाळांवर असाच प्रयोग केला, तेव्हा अधिक वेळ जवळ घेऊनही रडण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे ज्या घरांना मदतीची सर्वाधिक गरज असते, तिथेच हा आधार डळमळीत ठरतो.

माझा खरा आक्षेप मात्र सुरक्षिततेचा आहे. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने स्लिंगविषयी इशारा दिला, तेव्हा मागील २० वर्षांतील किमान १४ बालमृत्यूंची चौकशी चालू होती आणि त्यांतील १२ बाळे चार महिन्यांपेक्षा लहान होती. मान न धरलेले बाळ कापडात गोळा होऊन बसले की हनुवटी छातीला टेकते, श्वासनलिका दबते, आणि त्या अवस्थेत बाळाला रडताही येत नाही. ज्या साधनाची सुरक्षितता रात्रभर जागलेल्या पालकाने कापड नीट ओढले की नाही यावर ठरते, ते नवजात बाळासाठी सुचवणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

प्रतिसाद २:
हा इशारा गंभीरपणे घ्यायलाच हवा. पण त्याच महिन्यात बाजारातून परत मागवलेल्या स्लिंग खोल पिशवीसारख्या होत्या. त्यांत बाळ आडवे आणि वाकलेले राहत असे व तळ पालकाच्या पोटाच्याही खाली लोंबत असे. रिंग स्लिंगमध्ये बाळ उभे, छातीशी छाती लावून बसते. वरची कड, मधला भाग आणि खालची कड वेगवेगळी ओढून घट्ट करता येते, आणि याचाच सराव कोणी करत नाही. नवखा माणूस कड्यांतून खाली सोडलेल्या कापडाचे टोक मुठीत धरून सगळे एकदम खेचतो. मग वरची कड सैल राहते आणि बाळाची मान मागे किंवा बाजूला कलंडते.

योग्य बांधणी ओळखायला उपकरण लागत नाही. बाळाचा चेहरा सतत दिसावा, मान किंचित झुकवताच त्याच्या कपाळाचा पापा घेता यावा, हनुवटीखाली निदान बोटभर जागा असावी, पाठीला आधार असावा आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर राहावेत. मात्र मुदतपूर्व जन्मलेल्या किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

प्रतिसाद १:
आपण सांगितलेली यादी बरोबर आहे आणि तीच माझ्या म्हणण्याला पुष्टी देते. बाळ पहिल्या मिनिटाला नीट बसलेले असते. अर्ध्या तासाने झोप लागल्यावर ते खाली घसरते, तेव्हा पालकाचे लक्ष हातातल्या कामाकडे असते. दोन्ही खांद्यांच्या कॅरियरमध्येही देखरेख लागतेच, पण तिथे चुकायला जागा कमी असते.

प्रतिसाद ३:
एका खांद्याबद्दल कोणीच बोलत नाही याचे नवल वाटते. दहा-बारा किलोचे मूल एकाच बाजूला तासभर घेतले तर मान आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. खांद्यावरचे कापड पसरून दंडाच्या टोकापर्यंत आणणे आणि दर वेळी बाजू बदलणे एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो, पण लांबच्या चालण्यासाठी ही वस्तूच नव्हे.

धागाकर्ती:
लांबच्या चालण्याबाबत मी सहमत आहे. दर पाच मिनिटांनी ‘उचल’ आणि लगेच ‘खाली सोड’ म्हणणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घ्यायला मात्र रिंग स्लिंगइतके सोयीचे दुसरे साधन मला माहीत नाही, आणि यावर इथेही कोणी हरकत घेतलेली नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मी मत बदललेले नाही. फक्त इतकी भर घालते की स्लिंग बांधून शेगडीपाशी उभे राहू नये, सायकलवर बसू नये, आणि पहिल्यांदा बांधताना बाळाऐवजी पिठाची पिशवी ठेवून पलंगाशेजारी सराव करावा.

प्रतिसाद १:
पिठाची पिशवी घसरत नाही, हीच तर अडचण आहे. तरीही सराव अवश्य करावा, आणि प्रत्येक वापराआधी कड्यांवर जोड किंवा चीर नाही ना, तसेच कडीजवळची शिवण उसवलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.