जुनी माझदा आरएक्स-८ घ्यायची आहे: कॉइल, प्लग आणि गरम इंजिनाचा उशीर

लाल_रेषा

२००५ ची आरएक्स-८ बघून ठेवली आहे, पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर असलेलं रोटरी इंजिन. सहा गिअरची मॅन्युअल, २३१ पीएसवाली, म्हणजे ९००० आरपीएमपर्यंत फिरणारी. मीटरवर ९८,००० किमी. विकणारा म्हणतो कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) आणि प्लग अलीकडेच बदललेत, पण बिल नाही.

थंड असताना गाडी पटकन सुरू होते. गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी चालू करायला गेलं की चार-पाच सेकंद स्टार्टर मारावा लागतो. ५५०० च्या पुढे पिकअप बसतो. जोरात दाबलं की चेक इंजिनचा दिवा दोन-तीनदा लुकलुकतो आणि विझतो. स्कॅनर लावला तर कोड एकही नाही.

हे नुसतं इग्निशनचं दुखणं आहे की इंजिन गेलंय? कॉइल खरंच बदलल्यात का हे कशावरून ओळखायचं? आणि गाडी घेतलीच, तर हे काम घरी जमण्यासारखं आहे का?

पान्यावाला

तुम्ही दोन वेगळी लक्षणं एकत्र सांगताय, ती आधी सोडवून घ्या. दिवा लुकलुकणं आणि वरच्या आरपीएमला पिकअप बसणं हे इग्निशनचं किंवा तुंबलेल्या कॅटचं (एक्झॉस्ट साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असू शकतं. गरम इंजिन उशिरा सुरू होणं हे मात्र बहुतेक वेळा कॉम्प्रेशन (इंजिनात तयार होणारा दाब) उतरल्याचं पहिलं लक्षण असतं. थंड असताना सुरू होते यावर भरवसा ठेवू नका. थंडीत पेट्रोल जास्त सुटतं आणि ऑइलचा थर घट्ट असतो, त्यामुळे झिजलेली सीलंही धकून जातात.

म्हणून कॉइलचा विचार नंतर, आधी कॉम्प्रेशन. साधा पिस्टनचा गेज इथे फसवतो. रोटरला तीन बाजू आणि तिन्ही बाजू एकाच प्लगसमोरून जातात. साधा गेज त्यातल्या सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो. एखादं एपेक्स सील (रोटरच्या टोकावरची, दाब अडवणारी पट्टी) मोडलेलं असलं तरी तो कधी कधी बरा आकडा दाखवेल. रोटरीचा खास टेस्टर दर रोटरला तीन आकडे देतो आणि स्टार्टर किती आरपीएमने फिरला तेही सांगतो. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, इंधन आणि ठिणगी बंद, ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला, अशी चाचणी मागा.

माझदाचे आकडे २५० आरपीएमच्या हिशेबाने आहेत. नवं इंजिन ८.५ किग्रॅ/सेमी², किमान ६.९. एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नको, दोन रोटरांमध्ये १.० पेक्षा जास्त नको.

कोड नाही याचं कारण साधं असू शकतं: तुम्ही यायच्या आधी पुसलेत. स्कॅनरमध्ये "रेडिनेस" बघा. कॅटॅलिस्टची तपासणी अपूर्ण दिसली तर बॅटरी काढली गेली आहे किंवा कोड नुकतेच उडवलेत. "पेंडिंग", म्हणजे अजून पक्के न झालेल्या कोडांचा वेगळा कप्पा असतो, तोही उघडा. पी०३०१ म्हणजे पुढच्या रोटरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), पी०३०२ मागच्याचा. पी०४२० निघाला तर कॅट संपत आलाय.

ठिणगी

कॉम्प्रेशन आधी हे मान्य. पण या गाडीत इग्निशन ही किरकोळ देखभालीची बाब नाही. कॉम्प्रेशन खायला तीच कारणीभूत होते.

चार फटक्यांच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरचा प्लग दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. रोटरीत शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक स्फोट, म्हणजे प्रत्येक प्लगला दर फेरीला ठिणगी. ९००० आरपीएमला सेकंदाला १५० ठिणग्या. कॉइलला पुन्हा भरायला पुरते ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत, आणि त्या बसवल्यात इंजिनाच्या उष्णतेत. प्रत्येक रोटरला दोन प्लग, खाली लीडिंग, वर ट्रेलिंग. आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत दोन्ही लीडिंग प्लग एकाच कॉइलवर होते. आरएक्स-८ मध्ये चार प्लगांना चार स्वतंत्र कॉइल.

कॉइल अशक्त झाली की लगेच कळत नाही, हीच खरी पंचाईत. ट्रेलिंग कॉइल मेली तरी लीडिंग काम चालवून नेते. इसीयू (इंजिनाचा कंप्युटर) मिसफायर शाफ्टच्या वेगातल्या झटक्यावरून ओळखतो आणि इथे झटका फारच बारीक असतो. दिवा लागत नाही, गाडी थोडी जास्त पेट्रोल पिते आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं. ते कॅटमध्ये जळतं, कॅटचं मधलं जाळं वितळून तुंबतं, कोंडलेला दाब आणि उष्णता इंजिनाकडे परततात. रेनेसिसमध्ये (आरएक्स-८ च्या इंजिनात) एक्झॉस्टची तोंडं बाजूच्या प्लेटींत असल्यामुळे ती उष्णता थेट साइड सीलना भोगावी लागते. तुमचा दिवा मात्र लुकलुकतोय, म्हणजे कॅट खराब होईल इतका मिसफायर इसीयूने पकडलाय. तसा लुकलुकला की पाय उचलायचा, चाचणी घ्यायचा मोह झाला तरी.

कॉइल नव्या आहेत का ते असं बघा. मूळ कॉइलच्या पार्ट नंबरात एन३एच१-१८-१०० च्या पुढे ए, बी, सी अशी अक्षरं येतात. नंतरचं अक्षर म्हणजे सुधारित कॉइल. चारही एकाच अक्षराच्या, एकाच रंगाच्या आणि एकसारख्या मळलेल्या हव्यात. एकच चकचकीत आणि तीन मळकट, तर तेवढी एकच बदललीय. मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजून निकाल लावू नका: आतच इग्नायटर आहे, तीन पिनांच्या कनेक्टरवरून प्रायमरी मोजता येत नाही. वायर आणि प्लगच्या मधे बसवायचा स्पार्क टेस्टर लावा, इंजिन गरम असताना, आणि चारही ठिणग्या एकमेकींशी ताडून बघा. पिवळट, मधेच तुटणारी ठिणगी म्हणजे तीच.

घरी काम जमतं. इंजिन पूर्ण गार असू द्या. डावीकडचं पुढचं चाक काढा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. प्लग चाकाच्या पोकळीतून दिसतात. २१ मिमीची प्लगची गोटी, एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच लागेल. एका वेळी एकच वायर काढा, आधी तिच्यावर टेप लावून एल१, टी१, एल२, टी२ असं लिहा (एल लीडिंग, टी ट्रेलिंग; १ पुढचा रोटर, २ मागचा). लीडिंगची वायर ट्रेलिंगला गेली तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि त्याची किंमत सील मोजतात.

लीडिंगला एनजीके आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. नंबर जास्त म्हणजे प्लग जास्त थंड. अदलाबदल करू नका, शेवटचं एल किंवा टी बघूनच बसवा. गॅप वाकवून नीट करायला जाऊ नका. हा नेहमीच्या एका टोकाचा प्लग नाही. प्लगचं भोक जपून बघा, विशेषतः ट्रेलिंगचं. ते मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं: तिथून एपेक्स सील जाताना दोन चेंबरांमध्ये दाबाचा मोठा फरक असतो आणि भोक मोठं असतं तर गळती झाली असती. आटे हातानेच बसवायला सुरुवात करा, रोटरभोवतीचं कवचच ॲल्युमिनियमचं आहे, आटे चिरडले तर इंजिन उघडावं लागेल. टॉर्क १३ ते १८ न्यूटन मीटर. आटे कोरडेच ठेवा, ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर प्रत्यक्षात जास्त घट्ट बसतो. डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर वायरच्या टोकाच्या रबरी टोपीत, तेवढंच.

प्लग, कॉइल, वायर साधारण ५०,००० किमीला एकत्र बदला. फक्त कॉइल बदलून जुन्या, तडकलेल्या वायर ठेवणं म्हणजे नव्या कॉइलवर जास्त ताण टाकणं. 'बसते' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनोळखी ब्रँडच्या कॉइलचा मोह टाळा. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनाच्या कॉइल बसवणारे कन्व्हर्जन किट असतात, त्या जास्त ताकदीच्या आहेत, पण ते नंतरचं काम आहे.

तेलकट_हात

ठिणगी यांनी जवळजवळ सगळं सांगितलं, एकच भर: प्लग काढलेत तर त्यांचा रंग वाचल्याशिवाय टाकून देऊ नका. चारही ओल्या पेट्रोलने भिजलेले असतील तर गाडी फ्लड झाली होती. एकाच रोटरचे दोन्ही काळे, ऑइलने चिकट असतील तर त्या बाजूला ऑइल सील किंवा कॉम्प्रेशनचं बघा. थोडा काळसर रंग नैसर्गिक आहे, कारण या इंजिनात ऑइल मुद्दाम आत सोडलं जातं, एपेक्स सीलला वंगण म्हणून. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या पेट्रोलला ऑइलची पातळी बघायची सवय नसेल तर ही गाडी घेऊच नका.

फ्लड होण्याचं ठरलेलं कारण: थंड इंजिन चालू करून, दहा फूट सरकवून लगेच बंद करणं. प्लग ओले होतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर तळाला दाबून स्टार्टर मारा, इसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं पेट्रोल बाहेर फेकलं जातं. सलग पाच-सहा सेकंदांहून जास्त नको, मधे थांबा, स्टार्टर गरम होतो. सुरू झाल्यावर लगेच बंद करू नका.

कॅट तपासायला फार काही लागत नाही. गिअरच्या बोगद्याजवळ पाय भाजत असेल, कॅटवर रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर खुळखुळ आवाज येत असेल, किंवा वरच्या आरपीएमला गळा आवळल्यासारखी गाडी होत असेल, तर तो तुंबलेला. खात्री हवी असेल तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी दाबाचा गेज लावा.

एक राहिलेलं: कॉइल बदलून, बॅटरी जोडून झाल्यावर शाफ्टच्या सेन्सरचं प्रोफाइल पुन्हा शिकवून घ्या. चावी ऑन, इंजिन बंद, आठ सेकंदांत ब्रेक वीस वेळा दाबायचा. हे २००८ पर्यंतच्या गाड्यांना लागू आहे. नाहीतर नवे कॉइल असूनही खोटा मिसफायर दाखवत राहील.

लाल_रेषा

चाचणी करून घेतली. पुढचा रोटर ७.०, ६.८, ७.१. मागचा ६.२, ६.०, ६.३. टेस्टरवर स्टार्टर २०८ आरपीएम दाखवत होता. कॅटॅलिस्टची रेडिनेस अपूर्ण आहे. पेंडिंगमध्ये पी०३०२. म्हणजे मागचा रोटर नापास ना?

पान्यावाला

अजून नाही. हे आकडे २०८ आरपीएमचे आहेत, ६.९ ची मर्यादा २५० ची. रोटर हळू फिरला की हवा गळायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा खाली येतो. माझदाच्या सर्व्हिस पुस्तकात वेगानुसार आकडा सुधारून घ्यायचा आलेख असतो, त्यावर मांडल्याशिवाय थेट तुलना चालत नाही. सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांचे स्टार्टर तसेही मंद असतात, नंतर जास्त वेगाचे दिले गेले. बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा.

दोन रोटरांतला फरक मात्र त्याच वेगावर मोजलेला आहे, तो आजही वाचता येतो. साधारण ०.८. मर्यादेच्या आत, पण काठावर. आणि पेंडिंग कोडही त्याच रोटरचा. एकाच बाजूला दोन्ही बोटं दाखवत असताना नुसत्या कॉइलवर भिस्त ठेवू नका. मागची एल२ आणि टी२ कॉइल पुढच्या दोन्हींशी अदलाबदल करा. मिसफायर पुढे सरकून पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा. पी०३०२ तिथेच राहिला, तर वायर आणि प्लग तपासा, आणि तेही बरे निघाले तर रोटर.

ठिणगी

अदलाबदल करताना कॉइलच फिरवा, वायर आपल्या जागीच ठेवा, नाहीतर नेमकं काय सरकलं ते कळणार नाही.

असा सुधारलेला आकडा मागच्या रोटरला ६.९ च्या खाली आला, तर गाडीचा भाव बंद इंजिनाच्या गाडीसारखा धरा आणि रिबिल्डचा खर्च वेगळा काढा. ६.९ ते ७.५ च्या मधे आला आणि कॉइल बदलल्यावर मिसफायर गेला, तर घ्यायला हरकत नाही. पण नवे कॉइल आणि प्लग टाकून मिसफायर आधी थांबवा, नाहीतर नवा कॅटही जाईल, आणि मग तुंबलेला कॅट लगेच बदला. तुंबलेल्या कॅटवर नवी ठिणगी टाकली तरी गरम हवा तिथेच अडकून सीलपाशी परत येणार.