वाचन शिकवायला शिकवतं कोण? 'बाराखडी घोटवा' म्हणणाऱ्यांना उत्तर

खडूफळा:
परवा इथेच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "तिसरीच्या मुलाला वाचता येत नाही याला पालक जबाबदार. डी.एल.एड.मध्ये (जुनं डी.एड., शिक्षक व्हायचा कोर्स) वाचनाचं वेगळं काय शिकवायचं? बाराखडी घोटवली की मूल वाचतं." खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

राजापूर तालुक्यात शिकवतो. शाळेत आंतरवासितेला, म्हणजे वर्गात शिकवायच्या सरावाला, छात्राध्यापक येतात. पोरं गुणी असतात. पाठ टाचण सुबक, उद्दिष्टं लाल शाईत, तक्ते भिंत भरून. पण समोरची मुलगी 'किरण'ला अडली की तिच्याशेजारी बसून काय करायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, तोंडात नंतर येते, म्हणून ती थांबलेली असते. छात्राध्यापक म्हणतो, "नीट बघ." मग आवाज चढवून परत, "नीट बघ."

दुसरा मुलगा धडा घडाघडा वाचतो. छात्राध्यापक खूश. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, गडी गप्प. अख्खं पान पाठ आहे. हे ओळखायला कुठल्या पाठ टाचणात शिकवतात?

आणि बाराखडीचं म्हणाल तर व्यंजनं गुणिले स्वरचिन्हं, चारशेच्या घरात आकार जातात. वर रफार, जोडाक्षरं. ते सगळं आधी घोटवायचं म्हटलं तर मुलाच्या लेखी वाचन म्हणजे वर्षभर बिनअर्थाचे आवाज काढणं. म्हणून तर पुस्तकात अक्षरगट आले, चार अक्षरं आली की लगेच शब्द. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी-कन्नड वाचनाचा तीन वर्षांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं: अक्षरं गिरवण्यात वेळ जातो, अर्थाकडे कुणी वळत नाही, आणि तिसरी संपली तरी कित्येकांना वाचता येत नाही. भावी शिक्षकांपर्यंत हे पोचतं का?

पालकांवर बोट ठेवण्याआधी एवढंच सांगा, पालकाशी बोलायचं कसं हे त्या पोरांना कुणी शिकवलं? परीक्षेत 'पालक सहभाग : टीप लिहा' आलं की झालं.

जुनी_पाटी:
गुरुजी, तुमचं वाचून वाटलं की आम्ही तीस-पस्तीस वर्षं झक मारली. एका वर्गात पन्नास पोरं, हातात पाटी, तोंडात बाराखडी. त्यातलीच आज मुंबईत ब्रँच मॅनेजर आहेत. तेव्हा ना अक्षरगट होते ना सरकारचं 'निपुण' वाचन-गणित अभियान. आता 2021 पासून निपुण, निपुण चाललंय. मुलाने वाक्य वाचलं की आधी त्याचा फोटो. मूल वाचतंय का, यापेक्षा ते ॲपवर चढलं का, याची काळजी. शिक्षक फोटोग्राफर झालाय, आणि तुम्ही दोष देताय बाराखडीला!

खडूफळा:
ब्रँच मॅनेजर झाले ते आठवतात तुम्हाला. चौथीतून शाळा सोडून बोटीवर गेले ते कुणामुळे गेले, तेही सांगा कधीतरी.

जुनी_पाटी:
हे अंगावर येणं झालं. मी घरोघर फिरून पोरं शाळेत आणलीत.

लोकलचा_पास:
मी पालक आहे, नालासोपाऱ्यात नोकरी, मुलगी गावी आजीकडे. पालकसभा कधी? बुधवारी सकाळी अकराला. मी काय विरारहून उडत येऊ? आणि गणपतीत गावातला झाडून सगळा चाकरमानी घरी असतो तेव्हा शाळेला सुट्टी! कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्याकडे समिती म्हणजे एक वही. ती सहीसाठी घरी येते, माझी आई अंगठा उठवते, वही परत जाते.

बंदरावरची:
माझी भाची टाइप करतेय, सांभाळून घ्या. मी पहाटे लिलावाला असते. मुलाच्या बाईंनी चारचौघांत विचारलं, "घरी अभ्यास घेत नाही का?" मी म्हटलं, मला वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग असंच होणार." त्यानंतर मी शाळेची पायरी चढले नाही. पुढे एक ट्रेनिंगवाली पोरगी आली होती, घरी आली, म्हणाली, "रोज त्याला मोठ्याने वाचायला सांगा, आणि काय वाचलंस ते तुमच्या शब्दांत सांग म्हणा." एवढं तर मला येतं. पोरगं वाचायला लागलं. तिला हे कुणी शिकवलं देव जाणे.

खडूफळा:
ताई, हेच मला लांबलचक लिहून सांगता आलं नाही. 2022 च्या 'पहिले पाऊल'मध्ये, पहिलीत येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारीच्या अभियानात, आयांचे गट केले होते, आयडिया कार्डं दिली होती. चांगली गोष्ट. मेळावा झाला आणि बऱ्याच ठिकाणी गट फोटोपुरते उरले.

माडाखालचो:
मास्तरानु, तुमचा सगळा बरोबर. पण शाळेत मास्तरच नाय तर वाचूक शिकवतलो कोण? सिंधुदुर्गातली डी.एड. झालेली पोरां घराकडे बसली हत. घाटावरून मास्तर येतत, आमची भाषा त्यांका कळणा नाय, पोरग्यांका त्यांची कळणा नाय. जिल्हा बदली गावली काय बॅग उचलून चालले. जागा रिकामी ती रिकामीच. मगे 2023त रिटायर माणसांका 20 हजारार परत बोलावल्यानी. तरण्या पोरांनी काय काजी सोलूच्यो?

घाटावरचाच:
वाट बघत होतो, कधी येतोय हा विषय. मी बीडचा. मंडणगडात सहा महिने पाऊस, भाड्याला धड खोली नाही, दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता. मेरिटवर आलोय, कुणाच्या उपकारावर नाही. घरी म्हातारे आईबाप आहेत, बदली मागितली तर गुन्हा? तुमची स्वतःची पोरं शिकली की मुंबईला जातात, त्यांना कोण विचारतं?

माडाखालचो:
मुंबैक जातत कारण हय जागा तुम्ही घेतल्यात.

टीईटी_पास:
घेतल्या नाहीत, भरल्याच नाहीत! कुडाळची आहे, डी.एड. करून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेय. पण काका, भाषेचं तुमचं पूर्ण पटत नाही. मी मालवणी घरातली. आंतरवासितेत आंब्याच्या बागेतल्या नेपाळी रखवालदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता, तेव्हा मी त्याच्यासाठी घाटावरचीच होते की. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला वाचायला कसं शिकवायचं यावर दोन वर्षांत आमचा एक धड तासही झाला नाही.

घाटावरचाच:
निदान एक तरी कोकणातलं माणूस सरळ बोललं.

जुनी_पाटी:
आणि हे सगळं बोर्डीत बालशिक्षणवाल्या तारा मोडकांनी 1945 मध्ये सुरू केलं होतं. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावर न्यायची. तुमच्या शोधाआधीचं आहे, खडूफळा.

खडूफळा:
मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

जुनी_पाटी:
मी कुणाच्या बाजूने बोलत नाही. बाराखडी हवीच. सुरुवात तिच्यापासून नको, एवढं फार तर मानतो. आणि छात्राध्यापकांना पाठाचे मार्क द्यायच्या आधी एकेका अडलेल्या मुलापाशी महिनाभर बसवा. त्याला जीआर लागत नाही.

घाटावरचाच:
महिनाभर? आमच्याकडच्या छात्राध्यापकांना हजेरी नि माहिती भरायला बसवतात, कारण मी मतदार यादीच्या कामावर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं नकोत, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांचा अपवाद केलाय ना, त्या अपवादातच वर्ष जातं.

लोकलचा_पास:
बदली, मतदार यादी सगळं झालं, माझी सभा राहिली. आजीला तिचं वाचन घेणं जमणार नाही, पण मुलीने रोज एक उतारा वाचून मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवला तर लोकलमध्ये ऐकेन. काय ऐकायचं ते कुणी शिकवेल का?

खडूफळा:
शिकवतो. थांबते कुठे, तेवढंच ऐका. चुकली तर लगेच सांगू नका, तिलाच परत वाचू द्या. शेवटी एक प्रश्न गोष्टीबद्दल विचारा, अक्षराबद्दल नाही. आणि सभा यंदा गौरी गेल्यावर, तुम्ही परतायच्या आदल्या संध्याकाळी, देवळात. सुट्टी असली तरी मी येतो.

जुनी_पाटी:
वाचन व्हॉट्सॲपवर, सभा देवळात! मग शाळेची कौलं काढून विका.

टीईटी_पास:
सभेला मी येते. टिपणं काढीन, फोटो नाही.