मदत हवी आहे : संघात आधी कोणती जागा भरावी?

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यातील दांडिया बाजार परिसरातील आमच्या हौशी फुटबॉल संघातील दोन बचावपटू आणि राखीव गोलरक्षक शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यामुळे, पावसाळा संपून सराव सुरू होण्यापूर्वी कोणत्या जागा आधी भराव्यात, याबाबत आमच्यात मतभेद आहेत.

आम्ही ४-३-३ रचनेत (चार बचावपटू, तीन मध्यरक्षक, तीन आघाडीपटू) खेळतो. नवा आघाडीपटू घ्यावा असा बहुतेकांचा आग्रह आहे (कौतुक गोल करणाऱ्याचेच होते!); परंतु माझ्या मते बचावफळीसमोर राहून प्रतिहल्ले तोडणारा मध्यरक्षक आणि डाव्या पायाने खेळणारा डावा बचावपटू यांची निकड अधिक आहे, कारण तेथे उजव्या पायाचा खेळाडू ठेवल्यास चेंडू आत वळवून घेण्यात वेळ जातो आणि क्रॉस (मैदानाच्या कडेवरून गोलसमोर दिलेला पास) उशिरा येतो.

राखीव गोलरक्षक बाहेरून आणावा, की संघातील एखाद्यालाच तयार करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.