गरोदर बाई खर्रा सोडत नाही, पोलिसात देता येते का?

गटप्रवर्तक, कुरखेडा तालुका
पाचव्या महिन्याची माता आहे. दिवसाला चार-पाच खर्रे (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेल्या पुड्या), सणावाराला मोहाची दारूही. हिमोग्लोबिन ८.४. तंटामुक्तीचे लोक म्हणतात, "पोलिसात द्या, मातृवंदना योजनेचे पैसे रोखा, बरोबर सुटते." सासूचं म्हणणं, "खर्र्यानं पोरगं बारीक राहते, बाळंतपण सोपं जाते." मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गुन्हा होतो का? लाभ थांबवता येतो का? बाळ झाल्यावर बालकल्याण समितीला कळवावं लागतं का? आणि आशाताईनं नेमकं काय करायचं?

वकील, तालुका कोर्ट
बाई सज्ञान असेल तर खर्रा खाण्याचा गुन्हा नाही, गरोदर असली तरी नाही. भारतीय न्याय संहितेची कलम ८८ ते ९२ दाखवून कोणी घाबरवेल. ती मुद्दाम गर्भपात घडवणं, बाळ जिवंत जन्मू नये म्हणून काही करणं, अशा कृत्यांसाठी आहेत. व्यसन त्यात बसत नाही.

दारूचं थोडं वेगळं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यात विनापरवाना पिणं हाच गुन्हा आहे. पण तो बाप्याला जसा लागतो तसाच बाईला, गरोदरपणामुळे त्यात काही वाढत नाही. गांजा असेल तर एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम २७ सेवनालाही लागतं, मात्र स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला ६४-अ खाली खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले की ती सूट काढून घेता येते.

"गरोदर बाईला तुरुंग" अशा बातम्या फिरतात त्या अमेरिकेतल्या. टेनेसीनं २०१४ मध्ये तसा कायदा केला, तो २०१६ मध्ये संपला. दवाखान्यानं संमतीशिवाय लघवी तपासून पोलिसांना द्यायची, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच घटनाबाह्य ठरवलं.

मातृवंदनेचे हप्ते नोंदणी, तपासणी, बाळाची जन्मनोंद आणि लसीकरण यांवर मिळतात. पहिल्या अपत्याला ५,०००, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. तंबाखूची अट कुठेही नाही. रोखले तर लेखी कारण मागा, कारण देताच येणार नाही. समितीला कळवायचं ते बाळाची हेळसांड किंवा धोका दिसला तर. आई खर्रा खाते एवढ्यावर बाळ कोणी नेत नाही.

वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र
धमकीचा परिणाम ठरलेला असतो. बाई दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला येणं बंद करते आणि ८.४ चं ७ कधी झालं ते कळत नाही.

हे हिमोग्लोबिन मध्यम रक्तक्षयाचं आहे, म्हणजे लोहाच्या रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. गोळीवर लगेच खर्रा चघळला तर सुपारीतलं टॅनिन लोह धरून ठेवतं, गोळी वाया जाते. चहानंही तेच होतं. कॅल्शियमची गोळी किमान दोन तासांनी. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर शिरेतून लोह द्यायचं ठरवता येतं, ते केंद्रावर.

सासूबाईंना सांगा, निकोटिननं वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात. अडीच किलोच्या खालचं बाळ बाहेर सोपं येत असेल, पण त्याला ऊब टिकत नाही, ओढून दूध पीत नाही आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. मूल पोटातच दगावण्याचा धोकाही वाढतो.

दारू सणापुरतीच असेल तर आजपासून पूर्ण बंद, थोडी चालते असं काही नाही. रोजची असेल आणि सकाळी हात थरथरत असतील तर घरी अचानक सोडवू नका. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. जिल्हा रुग्णालयात भरती करूनच.

समुपदेशक, तंबाखूमुक्ती केंद्र
सासूसमोर विचारू नका, आकडा खोटा येतो. उठल्यावर पहिला खर्रा किती वेळानं, एक पुडी किती वेळा तोंडात जाते, घोटून कोण आणून देतं, हे विचारा. अर्ध्या तासाच्या आत पहिली पुडी लागत असेल तर सवय पक्की आहे.

येत्या आठवड्यातली तारीख तिलाच ठरवू द्या. आदल्या रात्री घरातल्या पुड्या, चुन्याची डबी, घोटायची पन्नी बाहेर. नवऱ्यानं निदान घरात घोटू नये, वासानंच तलफ येते. तलफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात भाजलेली बडीशेप, ओवा, वाळवलेला आवळा. इथंच घोळ होतो: "तंबाखू नको, साधी सुपारी खा" असं सांगितलं जातं. सुपारी स्वतःच गर्भाला घातक आहे. नस घासणं हाही पर्याय नाही, ती तंबाखूच.

पहिले तीन दिवस चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताईंनी घरी जावं. निकोटिनचा डिंक डॉक्टरांशिवाय देऊ नये. फोनवर समुपदेशन १८००-११-२३५६ वर. कार्डावर "व्यसनी" लिहू नका, "खर्रा ४-५/दिवस" लिहा, पुढच्या भेटीत तुलना करता येते.

ग्रामसभा कार्यकर्ता, कोरची
तंटामुक्तीवाल्यांना एवढाच जोर असेल तर पानठेल्यावर जावं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो आणि खर्रा-मावाही त्यात येतो. तक्रार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी, पोच घेऊन. पेसा गाव (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याखालचं) असेल तर मादक पदार्थांची विक्री रोखायचा अधिकार ग्रामसभेलाच आहे. ठराव करा, इतिवृत्ताची नक्कल ठाण्यात द्या. बाईचं नाव मात्र ठरावात, चर्चेत, कुठेही नको.

गटप्रवर्तक, कुरखेडा तालुका
आभारी आहे. एक राहिलं. कार्डावर वय १९ आहे, आधारवर १७ पूर्ण.

वकील, तालुका कोर्ट
मग वरचं "सज्ञान असेल तर" लागू होत नाही. आधी शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद पाहा. १८ पूर्ण नसतील तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी. न कळवणं हा कलम २१ चा गुन्हा. माहिती वयाची द्यायची, खर्र्याची नाही, आणि आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून. तिची तपासणी, गोळ्या, समुपदेशन एक दिवसही थांबवायचं नाही. समितीसमोर आता तीच बालक म्हणून येईल. आणि तिला खर्रा देणारा, पानठेलेवाला असो की घरचा, बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये येतो: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. सासूबाईंना हे कलम वाचून दाखवा.